दा नांगला जाऊ या, पण दसऱ्यात नको

आमच्या घरात परदेशी सहलीचा विषय निघाला की तीन प्रश्न ठरलेले. आई विचारते, "तिकडं खायला काय मिळतं?" बाबा विचारतात, "सगळ्यांचे मिळून किती?" आणि चौथीतली लेक विचारते, "हॉटेलात स्विमिंग पूल आहे ना?" "कधी जायचं?" हे मात्र कुणीच विचारत नाही. ते शाळेच्या सुट्ट्यांनी आणि माझ्या शिल्लक रजेने आधीच ठरवलेले असते. दा नांगच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारावा लागतो. आपल्या मंडळातल्या निदान चार घरांत सध्या व्हिएतनामची चर्चा चालू आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून हा लेख.

दा नांग हे व्हिएतनामच्या मध्यावर, समुद्रकाठी वसलेले शहर. उत्तरेला हनोई, दक्षिणेला हो चि मिन्ह सिटी, आणि त्या लांबट देशाच्या साधारण कमरेपाशी हे. हैदराबादहून हो चि मिन्ह सिटी आणि हनोई या दोन्ही ठिकाणी २०२५ पासून थेट विमाने सुरू झाली, आणि तेव्हापासून माझ्या ऑफिसात दर सोमवारी कुणीतरी कंदिलांचे फोटो दाखवत असते. आम्ही दा नांग निवडले ते फोटो पाहून नव्हे. हातात दिवस चार, माणसे पाच, वये नऊ ते बहात्तर. समुद्र हवा, देऊळ हवे, मुलीला काहीतरी गंमत हवी, आणि रोज पाच तास बसमध्ये बसणे नको. या अटी घातल्यावर बँकॉक, बाली, सिंगापूर एकेक करून गळाले. दा नांगला विमानतळ अक्षरशः शहराच्या आत आहे, समुद्र तिथून पंधरा-वीस मिनिटांवर, होई आन हे जुने बंदर ३० किलोमीटरवर आणि मी-सनची शिवमंदिरे ६५-७० किलोमीटरवर. जुलै २०२५ पासून तर शेजारचा क्वांग नाम प्रांत दा नांग शहरातच विलीन झाला आहे, त्यामुळे कागदोपत्री होई आन आणि मी-सनही आता दा नांगमध्येच येतात. जुनी प्रवासवर्णने वाचताना पत्ते वेगळे दिसले तर गोंधळून जाऊ नका.

आता यातली खरी अडचण सांगतो. आईचे दोन्ही गुडघे गेल्या दोन वर्षांत खूपच झिजले आहेत. डॉक्टरांनी जूनमध्ये शस्त्रक्रिया करायला सांगितले आहे, आधी एक आणि मग काही महिन्यांनी दुसरा. म्हणजे जूननंतर वर्षभर तरी प्रवासाचे नाव नको. आई ६७ वर्षांची आहे. तिने आजवर पासपोर्ट काढला नव्हता, कारण प्रत्येक वेळी तिचे वाक्य तयार असायचे, "तुम्ही जाऊन या, मी घर बघते." या वेळी मी नांदेडच्या मामाकडून दडपण आणले, बायकोने लेकीला पुढे केले, आणि आई एका अटीवर तयार झाली: "मी कुणाच्या पायात येणार नाही, आणि तुम्ही मला ओढत न्यायचं नाही." डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सपाटीवर चालू दे, पाच-सातशे पावलांनी बसू दे, आणि पायऱ्या एका वेळी वीस-पंचवीस, त्याही कठड्याला धरून.

म्हणून आमच्या एक्सेल शीटमध्ये ठिकाण, अंतर, तिकीट या रकान्यांच्या बरोबरीने "पायऱ्या" असा एक रकाना आला. सहलीचा आराखडा खरे तर त्याच रकान्याने ठरवला. पण त्याआधी "कधी" या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

हैदराबादेतल्या मराठी घरांचा सुट्ट्यांचा हिशेब पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपेक्षा वेगळा असतो हे आपल्याला पाठ आहे. त्यांची मुले दिवाळीत दोन-तीन आठवडे मोकळी. आपली मुले दिवाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शाळेत, आणि मोठी सुट्टी मिळते ती दसऱ्याला, बतुकम्मापासून. त्यामुळे इकडची बहुतेक कुटुंबे परदेशाचा बेत दसऱ्याच्या सुट्टीत बसवतात, तर महाराष्ट्रातले नातेवाईक दिवाळीत. दा नांगसाठी हे दोन्ही काळ वाईट आहेत.

कारण साधे आणि भूगोलाचे आहे. व्हिएतनामच्या पश्चिम बाजूने त्रुओंग सन नावाची डोंगररांग जाते. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस सह्याद्री कोकणात अडवतो आणि पलीकडे मराठवाडा आभाळाकडे बघत बसतो, तसेच तिथे होते. जून ते ऑगस्टमध्ये ते वारे त्या डोंगरांच्या पलीकडे, लाओसच्या बाजूला बरसतात आणि दा नांग कोरडे व तापलेले राहते. मग सप्टेंबरपासून वारे फिरतात, ईशान्येकडून समुद्रावरून येतात आणि तेच डोंगर त्यांना दा नांगच्या डोक्यावर अडवून धरतात. म्हणजे चेन्नईसारखे. फरक इतकाच की शेजारी वादळांचा समुद्र आहे. एकट्या ऑक्टोबर महिन्यात दा नांगला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हैदराबादला अख्ख्या वर्षात साधारण ८०० पडतो, एवढे सांगितले की पुरे. होई आनची थू बोन नदी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळजवळ दरवर्षी जुन्या गावाच्या रस्त्यांवर येते. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींवर कोणत्या वर्षी पाणी कुठवर चढले त्याच्या खुणा करून ठेवलेल्या आहेत, आणि त्यातल्या काही माणसाच्या डोक्याच्या वर आहेत. हे सगळे कळूनही दसऱ्यातले पॅकेज स्वस्त पडते. ते स्वस्त का असते हे आता सांगायला नको.

मग संक्रांतीची सुट्टी? जानेवारीत मोठा पाऊस ओसरतो, पण आभाळ राखाडी असते, हवा गार असते आणि समुद्र खवळलेला असतो. शिवाय जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य या काळात कधीतरी तेत येतो, म्हणजे त्यांचे चांद्र नववर्ष. यंदा तो १७ फेब्रुवारीला होता. तेतच्या दिवसांत निम्मी दुकाने बंद, आणि अख्खा देश आपापल्या गावी निघालेला असतो. गणपतीत कोकणात जाणाऱ्या एसटीची कल्पना करा आणि ती देशभर पसरवा.

मार्च उत्तम, पण मार्चमध्ये आपल्याकडे परीक्षेचे वातावरण. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळा बंद झाल्या की निघावे, असा माझा पहिला बेत होता. तेव्हा त्यांचे कॅलेंडर उघडून बसलो. चांद्र तिसऱ्या महिन्याची दशमी ही हुंग राजांच्या स्मरणाची राष्ट्रीय सुट्टी, ती यंदा २६ एप्रिलला, रविवारी. म्हणजे सोमवारी बदली सुट्टी. मग ३० एप्रिल, देशाच्या एकीकरणाचा दिवस. लगेच १ मे, कामगार दिन. या आठवड्यात हनोई आणि हो चि मिन्ह सिटीची माणसे समुद्रावर येतात, आणि दा नांगचा मी खे किनारा त्यांचा लाडका आहे. इकडे १ मेला मंडळाचा महाराष्ट्र दिन, त्यात बायकोकडे निवेदन. तिने डोळे वटारून विचारले, "तारीख माहीत होती ना?" त्यामुळे प्रश्नच मिटला. आम्ही ६ मेच्या रात्री निघतो आणि ११ मेला परत येतो.

मे महिन्यात उकाडा असणार. पारा ३३-३४ च्या घरात, पण हवा दमट. चाळीस-बेचाळीसच्या हैदराबादेतून जाणाऱ्याला आकडा किरकोळ वाटेल. मात्र आपली हवा कोरडी, तिथला घाम वाळत नाही. म्हणून अकरा ते तीन हा वेळ शीटमध्ये रिकामा ठेवला आहे. पंखा, एसी, झोप. बाबांना हा भाग सर्वात आवडला.

आता पायऱ्यांचा रकाना. पहिले गळाले ते संगमरवरी डोंगर. शहर आणि होई आन यांच्या मधे सपाट वाळूतून अचानक उभे राहिलेले पाच सुळके आहेत, आणि त्यांना पंचतत्त्वांची नावे आहेत. तत्त्वे आपलीच असतील असे वाटते, पण त्यांच्यात धातू आणि लाकूड येतात, वायू आणि आकाश नाहीत. जलतत्त्वाच्या डोंगरावर लोक चढतात, एका वाटेने पायऱ्या १५६. लिफ्टही आहे, पण लिफ्ट काही अंतरापर्यंतच नेते, पुढे गुहांमधून चढउतार आहेच. लाल रंग, पुढे चला. लिन उंग पॅगोडातली बोधिसत्त्वाची ६७ मीटर उंच पांढरी मूर्ती मात्र राहिली, कारण सन त्रा टेकडीवर गाडी जवळपर्यंत जाते. ही मूर्ती समुद्राकडे तोंड करून उभी आहे, कोळ्यांवर नजर ठेवून. व्हिएतनामी लोक तिला क्वान आम म्हणतात आणि तिचे मूळ आपल्याकडचा अवलोकितेश्वर. भारतातला पुरुष बोधिसत्त्व चीनमार्गे तिथे पोचेपर्यंत स्त्री झाला. आई म्हणाली, "बरं झालं, कोळ्यांची काळजी बाईच घेणार."

घरात खरा वाद झाला तो बा ना हिल्सवरून. दोन प्रचंड दगडी हातांनी उचलून धरलेला तो सोनेरी पूल तुम्ही पाहिला असेल, न पाहणे आता अशक्य आहे. पूल २०१८ चा, हातही दगडाचे नाहीत, तसे रंगवलेले आहेत. पण चढून जाणारा केबल कार मार्ग ५,८०१ मीटर लांब आहे आणि त्याचे नाव गिनीजमध्ये आहे. फ्रेंचांनी शंभर वर्षांपूर्वी उन्हाळ्यासाठी वसवलेले हे थंड हवेचे ठिकाण, आता त्यावर बनावट फ्रेंच गाव आणि खेळण्यांची जत्रा उभी केली आहे. तिकीट माणशी नऊ-दहा लाख डोंग, म्हणजे तीन-साडेतीन हजार रुपये. मुलांचे तिकीट वयावर नाही, उंचीवर. एसटीत मास्तरला मुलाचे वय कमी सांगण्याची आपली परंपरा तिथे निरुपयोगी.

बायकोला आणि लेकीला हे हवेच होते. मला वाटत होते की पूर्ण दिवस, इतके पैसे आणि वर ढग आले तर काहीच दिसत नाही, शिवाय आईला ते झेपणार नाही, म्हणजे तिला हॉटेलवर ठेवावे लागणार. मी ते रद्द करायच्या बाजूने ठाम होतो. दोन रविवार यात गेले. शेवटी आईनेच चहाच्या वेळी सांगितले, "तुम्ही तिघं जा त्या पुलावर. आम्हा दोघांना एक दिवस मोकळा द्या. ४३ वर्षांत आम्ही दोघंच असे समुद्रावर बसलो नाही." बाबा पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "पुरीला बसलो होतो." "पुरीला तुमची बहीण होती," आई म्हणाली.

शुक्रवार त्यांना दिला. आईला कुठे नेता येईल याचा मी महिनाभर हिशेब करत होतो, आणि तिला कुठे सोडता येईल हा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता. आता आहे. हॉटेल त्या हिशेबाने घेतले: मी खेच्या रस्त्यालगत, लिफ्ट असलेले, आणि रस्ता ओलांडला की नारळाच्या सावलीत बाकडी. रस्ता ओलांडण्याची धास्ती अनेकांना असते, स्कूटर थांबत नाहीत म्हणून. ज्याने सुलतान बाजार ओलांडला आहे त्याला ही शिकवणी लागत नाही. सरळ, एकाच वेगाने चालायचे, धावायचे नाही, मागे फिरायचे नाही.

याच किनाऱ्याला अमेरिकन सैनिक चायना बीच म्हणत. बाबांचा व्हिएतनाम हा तोच आहे, रेडिओवरच्या बातम्यांतला. ८ मार्च १९६५ ला अमेरिकेचे मरीन सैनिक दा नांगच्या वायव्येच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा बाबा पाचवी-सहावीत होते, आणि १९७५ मध्ये युद्ध संपले तेव्हा नोकरीच्या मुलाखती देत होते. ज्या विमानतळावर आम्ही उतरणार, तो त्या युद्धातला गजबजलेला लष्करी तळ होता. तिथे साठवलेल्या एजंट ऑरेंजमुळे जमीन इतकी विषारी झाली होती की ती साफ करायचे काम २०१२ ते २०१८ इतकी वर्षे चालले. हे बाबांनीच मला सांगितले, मी तोवर त्या विमानतळाची फक्त इमिग्रेशनची रांग वाचत होतो.

शुक्रवारी रात्री नऊला ड्रॅगन पूल. २०१३ साली उघडलेला हा ६६६ मीटरचा पूल ड्रॅगनच्या आकाराचा आहे, आणि शुक्रवार ते रविवार रात्री नऊला त्याच्या तोंडातून आधी आग आणि मग पाणी निघते. हे आठवड्याच्या शेवटीच होते, म्हणून चार दिवसांच्या सहलीत शुक्रवार किंवा शनिवार येईल असे बघा. ड्रॅगनच्या तोंडाखाली उभे राहिल्यास भिजायला होते. लेकीला ही माहिती दिलेली नाही.

शनिवार सकाळ चाम शिल्पांच्या संग्रहालयासाठी. ते त्याच ड्रॅगन पुलाच्या टोकाशी आहे, बहुतेक सहल कंपन्या त्याला अर्धा तास देतात किंवा गाळतात, आणि मला विचाराल तर दा नांगला जाण्याचे तेच पहिले कारण आहे. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीपासून या किनाऱ्यावर चंपा नावाचे राज्य होते. राजांची नावे भद्रवर्मन, शंभुवर्मन, इंद्रवर्मन. शिलालेख संस्कृतात. फ्रेंचांनी गोळा केलेली त्यांची शिल्पे १९१९ मध्ये या संग्रहालयात मांडली. इथे मी-सनहून आणलेला सातव्या-आठव्या शतकातला उभा गणपती आहे, चार हातांचा. इथे शेषशायी विष्णूच्या नाभीकमळातून निघणारा ब्रह्मदेव एका दारावरच्या शिल्पात आहे. एका वेदीवर ऋषींचे दैनंदिन जीवन कोरले आहे, कुणी वाद्य वाजवतोय, कुणी शिकवतोय. इमारत बैठी आहे, पायऱ्या नावापुरत्या, बसायला जागा आहे. आमच्या शीटमध्ये हे एकमेव ठिकाण आहे ज्याच्या पुढे सगळे रकाने हिरवे आहेत.

ही शिल्पे आधी आणि मी-सन नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. मी-सनला जे राहिले आहे ते मुख्यतः विटांची देवळे. मूर्ती बऱ्याचशा इथे. आधी देव पाहिले की मग रिकामे गाभारे बोलतात.

रविवारी पहाटे सहाला गाडी. मी-सन हे डोंगरांच्या वाटीत आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजा भद्रवर्मनने इथे शंकराचे देऊळ बांधले आणि देवाला नाव दिले भद्रेश्वर, आपले नाव अधिक ईश्वर. ते लाकडी देऊळ जळाले, पुढे शंभुवर्मनने विटांत बांधले आणि नाव केले शंभुभद्रेश्वर. मग तेराव्या शतकापर्यंत एकामागून एक राजा इथे बांधत राहिला, सत्तरच्या आसपास देवळे झाली. आईचे माहेर नांदेडचे, लहानपणापासून औंढा नागनाथची वारी. तिला मी सांगितले की इथल्या विटांच्या मधे चुन्याचा थर दिसतच नाही, इतक्या त्या एकजीव बसल्या आहेत. तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे आपल्या हेमाडपंथीसारखं, पण विटात." आपल्याकडे दगडाला दगड खाच करून बसवत, तिथे विटा कशाने सांधल्या यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण तुलना मला सुचली नव्हती.

यातले सर्वात मोठे, सुमारे २८ मीटर उंचीचे देऊळ ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बहल्ल्यात कोसळले. चौदाशे वर्षांपूर्वीच्या परंपरेतले शिखर एका आठवड्यात विटांचा ढीग झाले. बॉम्बचे खड्डे आजही गवतात दिसतात. युद्धानंतर पोलंडचा काझिमिएश क्वियात्कोव्स्की नावाचा वास्तुतज्ज्ञ सुरुंग काढलेल्या रानात राहून ही देवळे सावरत बसला. होई आनमध्ये त्याचे स्मारक आहे. आणि नंतरच्या काळात हे काम आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आले. २०१७ ते २०२२ या काळात त्यांच्या लोकांनी इथल्या तीन समूहांची डागडुजी केली. मे २०२० मध्ये, सगळे जग घरात कोंडलेले असताना, त्या कामात नवव्या शतकातले एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग निघाले. आईला तेच बघायचे आहे. काशी-रामेश्वर झाले, आता हे.

आणि इथे आमचा पायऱ्यांचा रकाना पुन्हा आडवा येतो. प्रवेशद्वारापासून आत विजेवर चालणाऱ्या गाड्या नेतात, तो भाग सोपा. पुढे रानवाट, उंचसखल, देवळांचे जोते चढायचे म्हणजे पायऱ्या उंच आणि कठडा नाही. पहिल्या मोठ्या समूहात दोन लांब दालने आहेत, छप्पर घातलेली, आत शिल्पे मांडलेली. तिथपर्यंत आई येणार आणि सावलीत बसणार, हे नक्की. शिवलिंग ज्या समूहात आहे तो ओढ्याच्या पलीकडे, आणखी चालून. मी दोन पर्याय लिहिले आहेत. ऊन चढायच्या आत पोचलो आणि गुडघ्यांनी साथ दिली तर हळूहळू पलीकडे. नाहीतर मी आणि लेक जाऊन व्हिडिओ कॉल लावू. आईने दुसरा पर्याय वाचला आणि म्हणाली, "तो खोडून टाक. जमेल नाहीतर नाही जमणार. फोनवर दर्शन मी इथं हैदराबादला बसूनसुद्धा घेते." खोडला.

होई आनचे फार लिहीत नाही, त्यावर तुम्हाला हवे तेवढे फोटो मिळतील. शनिवारी चारनंतर निघायचे, पाऊण तासात पोचायचे, जुन्या गावात गाड्यांना बंदी असल्याने निवांत चालायचे आणि जेवून परत. वीस हजारांच्या नोटेवर ज्याचे चित्र आहे तो जपानी पूल पाहायचा, बस. एक गोष्ट मात्र आपल्या कामाची. तिथे चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करतात आणि कंदील लावतात. चौदावी रात्र म्हणजे आपली शुद्ध चतुर्दशी, एखाद्या दिवसाच्या फरकाने. तारीख शोधायला कालनिर्णय पुरते. यंदाची ती रात्र नेमकी ३० एप्रिलला, गर्दीच्या सुट्टीत, म्हणून आम्हाला सोडावी लागली. कंदील रोज असतातच.

व्हिसा. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर, ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा. भरायचा तो सरकारी संकेतस्थळावर, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन असते. शोधल्यावर सर्वात वर येतात ती दिसायला तशीच, दुप्पट पैसे घेणारी एजंटांची पाने. अर्ज नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत, म्हणून नाव पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच, त्याच क्रमाने लिहा. आपल्या मराठी बायकांच्या नावांची गंमत इथे सुरू होते. आईचे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत नवऱ्याच्या नावासह तिन्ही. शिवाय इकडे तेलंगणात आडनाव आधी लिहायची पद्धत, त्यामुळे रेशनकार्डावर क्रम उलटा. पासपोर्टच्या अर्जाआधी हे सगळे एकसारखे करण्यात दीड महिना गेला. घरात कुणाचा पहिला पासपोर्ट काढायचा असेल तर सहल ठरायची वाट बघू नका, आजच कागद काढून बसा. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात १० टक्के सूटही आहे, बाबांना हे सांगितल्यावर ते स्वतः रांगेत उभे राहिले.

पैशांचा हिशेब करताना डोंगच्या किमतीतली शेवटची तीन शून्ये झाकायची आणि उरलेल्याला साडेतीनने गुणायचे, रुपये येतात. थोडे जास्तच येतात, ते बरे. पाच लाखांची आणि वीस हजारांची अशा दोन्ही नोटा निळसर आहेत, तेव्हा अंधारात टॅक्सीवाल्याला देताना शून्ये मोजा.

खाण्याचा प्रश्न आईचा, आणि उत्तर ऐकून ती हसली. व्हिएतनामी भाषेत शाकाहाराला "चाय" म्हणतात. "अन् चाय" म्हणजे मी शाकाहारी खाते. बौद्ध लोक अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्यामुळे "चाय" अशी पाटी असलेली छोटी खानावळ गल्लोगल्ली असते. साध्या हॉटेलात मात्र नुसते "भाजी द्या" म्हणून भागत नाही, कारण माशाचे पाणी, नुओक माम, हे तिथे आपल्या फोडणीइतके सहज पडते. दा नांगमध्ये भारतीय हॉटेलेही आहेत, पण चार दिवस तिथेच जेवायचे असेल तर कोटीला जेवलेले काय वाईट? तरी आईने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट यांची यादी केली आहे. तिचे म्हणणे, हे आपल्यासाठी नाही, गाडीच्या ड्रायव्हरला द्यायला.

राहता राहिले विमान. हो चि मिन्ह सिटीला उतरल्यावर इमिग्रेशन तिथेच होते, सामान घ्यायचे आणि देशांतर्गत विमानासाठी पुन्हा रांगेत लागायचे, मग तासाभराच्या उड्डाणाने दा नांग. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर पहिले विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, म्हणून मधे चार तास ठेवले आहेत. सहल विमा आईच्या गुडघ्यांचा उल्लेख करूनच घेतला आहे, लपवून घेतलेला विमा लागेल तेव्हाच उपयोगी पडत नाही. औषधे हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. आणि शमशाबादपासून दा नांगपर्यंत प्रत्येक विमानतळावर व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवली आहे. आईला अजून सांगितलेले नाही. पण हा अंक ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, तेव्हा आता कळेलच.